झाडावर चढायचा हार्नेस कसा निवडावा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छाटणीच्या कामात शिरू पाहणारी मुलं, कोकणात नारळाची बाग असलेले ओळखीचे लोक आणि सह्याद्रीत कडे चढणारे मित्र मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मी पुण्यात आणि आसपास दोराने झाडावर चढून काम करतो. विकत काही नाही. कंपन्यांची नावं आली आहेत ती ओळख पटावी एवढ्यापुरतीच.

आमच्याकडे सेफ्टी बेल्ट आहे की. वेगळा हार्नेस कशाला?

कारण तो बेल्ट झेलण्यासाठी असतो आणि आपल्याला हवा असतो बसण्यासाठी. बाकीची सगळी उत्तरं या एका फरकातून निघतात, म्हणून इथे जरा वेळ काढतो.

इमारतीच्या कामावर पाठीला कडी असलेला अंगभर पट्ट्यांचा जो बेल्ट दिसतो, तो घालणारा माणूस स्वतःच्या पायांवर उभा असतो. बेल्ट नुसता अंगावर असतो. पाय घसरलाच तर त्याने झेलायचं, आणि मग कुणीतरी येऊन माणसाला उतरवायचं, एवढंच त्याचं काम. झाडावर तसं नसतं. दोर वरच्या जाड फांदीवरून आलेला आणि ताणलेला असतो, आणि पाय जमिनीवरून उचलला त्या क्षणापासून आपलं सगळं वजन हार्नेसवर असतं. तेही तास-दोन तास, कधी चार. शिवाय बांधकामाचा बेल्ट पाठीच्या कडीने लटकवतो. तसं लटकून तुम्ही समोरच्या फांदीला हातही नीट लावू शकत नाही, करवत चालवणं तर दूरच.

माझे पहिले दोन हंगाम हजार-दीड हजारांच्या अशाच बेल्टमध्ये गेले. मे महिन्यात एका जुन्या सोसायटीतल्या रेनट्रीवर होतो. मांडीचे पट्टे दोन बोटं रुंद, पॅड नावालाही नाही. चाळीसेक मिनिटांनी डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेच कळेना. उतरलो तर पाऊल जमिनीला टेकलंय हे डोळ्यांनी बघून कळलं. बुंध्याला मिठी मारून उभा राहिलो. वॉचमनकाकांना वाटलं चक्कर आली, ते धावत पाण्याची बाटली घेऊन आले. रात्री आंघोळीला गेलो तेव्हा दोन्ही जांघांत पट्ट्याच्या विणीची नक्षी उठली होती, टाके मोजता येतील इतकी स्पष्ट. त्या दिवशी उरलेली फांदी मी घाईघाईत, चुकीच्या जागी कापली होती. काचणाऱ्या हार्नेसचं खरं नुकसान हेच. दुखणं सहन होतं, पण डोकं कामावरून उडतं.

मग झाडाचा हार्नेस वेगळा कसा दिसतो?

रुंद, जाड पॅडचा कमरपट्टा. दोन रुंद मांडीपट्टे. कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक डी-रिंग, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखी कडी. ती लॅनयार्ड, म्हणजे खोडाभोवती फिरवलेला आखूड दोर, अडकवण्यासाठी. आणि पुढच्या बाजूला खाली दोन कड्यांमध्ये बांधलेला दोराचा एक आखूड तुकडा. त्याला ब्रिज म्हणतात. चढायचा दोर या ब्रिजवरच्या रिंगला जोडला जातो. रिंग ब्रिजवर डावी-उजवीकडे सरकते, त्यामुळे तुम्ही आडवे झुकलात, वळलात तरी हार्नेस अंगाबरोबर फिरत नाही. ही साधी वाटणारी सोयच झाडाच्या हार्नेसचा जीव आहे.

फ्रान्सच्या पेट्झलचा सेक्वोया, ऑस्ट्रियाच्या ट्यूफेलबर्गरचा ट्रीमोशन, जर्मनीच्या एडेलरिडचे ट्री-मालिकेतले हार्नेस, सगळ्यांची रचना ढोबळमानाने अशीच. वजन साधारण दीड ते अडीच किलो.

काही हार्नेसमध्ये मांडीपट्ट्यांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला बुडाखाली एक फळी असते. झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं. एकाच जागी बराच वेळ लटकून काम असेल तर मजा येते, पण फांदीवरून चालत जायचं म्हटलं की ती फळी मांड्यांमागे आपटत राहते. मला ती कधीच मानवली नाही. माझ्या जोडीदाराला तिच्याशिवाय चालत नाही.

लेबलवर काय बघायचं?

ईएन ८१३ आणि ईएन ३५८. ईएन म्हणजे युरोपातलं मानक. पहिला आकडा बसून लटकायच्या हार्नेसचा, दुसरा खोडाला टेकून काम करताना लागणाऱ्या कमरपट्ट्याचा आणि बाजूच्या कड्यांचा. झाडाच्या हार्नेसवर बहुधा दोन्ही असतात. ईएन ३६१ म्हणजे पडताना झेलणारा अंगभर बेल्ट. आपल्याकडच्या औद्योगिक बेल्टवर आयएस ३५२१ हे भारतीय मानक लिहिलेलं दिसतं.

यातला एकही आकडा दिसत नसेल, नुसतंच मोठ्या अक्षरांत ‘हेवी ड्यूटी’ छापलेलं असेल, तर ठेवून या.

माझ्याकडे गिर्यारोहणाचा हार्नेस आहे. तोच वापरला तर?

ट्रेकिंग क्लबातून आलेला प्रत्येक मुलगा हे विचारतो. बरोबरच आहे, घरात असलेली वस्तू कुणाला वापरावीशी वाटणार नाही?

ताकदीचा प्रश्न नाही. कड्यावरच्या बैठ्या हार्नेसलाही चाचणीत साधारण १५ किलोन्यूटन, म्हणजे दीड टन वजनाएवढा ओढा सोसावा लागतो. झाडाच्या हार्नेसची चाचणीही त्याच घरातली. फरक आहे तो बाजूच्या कड्यांचा आणि वेळेचा. कड्यावर तुम्ही हातापायांवर चढता, हार्नेसवर अधूनमधून टेकता. म्हणून तो तीन-चारशे ग्रॅमचा आणि चिंचोळा असतो. त्याला पोटासमोर एकच जोडणीची जागा असते. बाजूला कड्या नसल्याने लोक लॅनयार्ड भलतीकडेच अडकवतात. दुसरी गोष्ट कापडाची. त्या नाजूक पट्ट्यांना चेनसॉ, खरबरीत साल आणि चीक यांची सवय नाही.

एखाद्या मित्राच्या आवारातल्या आंब्यावर दोराने चढायचं कसं ते शिकताय, हातात करवत नाही, अर्ध्या तासात उतरणार आहात, तर चालेल. कामाला नको.

साइज कशी ठरवायची? मी एक्सेल टीशर्ट घालतो.

टीशर्ट विसरा. पँटची साइजही विसरा. शिंप्याकडची टेप घ्या आणि कामाचे कपडे घालून दोन मापं काढा. पहिलं कमरेचं, पण बेंबीवर नाही, कमरेच्या हाडांच्या किंचित वर, जिथे पट्टा प्रत्यक्ष बसणार आहे तिथलं. दुसरं मांडीच्या सगळ्यात जाड भागाचं. आकडे सेंटिमीटरमध्ये लिहा, कारण कंपन्यांचे तक्ते त्यातच असतात.

आपल्याकडची अडचण बहुधा उलट्या टोकाची असते. झाडावर चढणारी आपली पोरं काटक. कंबर २८ इंच, म्हणजे जेमतेम ७१ सेंटिमीटर. मापाची पट्टी परदेशी शरीरावर बेतलेली असते, त्यामुळे अशा मुलाला सगळ्यात लहान साइजसुद्धा शेवटच्या टोकापर्यंत आवळून कसाबसा बसतो. तेव्हा दोन गोष्टी होतात. कमरपट्ट्याचे दोन्ही पॅड पुढे एकमेकांना भिडतात आणि आवळायला जागाच उरत नाही. आणि बाजूच्या कड्या कमरेच्या बाजूला न राहता पुढे पोटाकडे येतात, मग लॅनयार्डवर टेकलं की पाठीला आधार नाही. दुकानदार म्हणेल ‘आवळला की बसतो’. बसत नाही. पट्टा ताणाच्या मधल्या भागात कुठेतरी बसायला हवा, म्हणजे हिवाळ्यात जाड कपडे घातले तरी सोडायला जागा आणि उन्हाळ्यात वजन उतरलं तरी आवळायला जागा.

पोट सुटलेल्यांसाठी वेगळी सूचना. पट्टा पोटाखालून नेऊ नका. कमरेच्या हाडांवरून खाली सरकू शकणारा पट्टा उलटं झाल्यावर अंगातून निघू शकतो. पोट मोठं आणि कमरेची हाडं न जाणवणारी असतील तर खांद्यापर्यंतचा भाग जोडता येणाराच हार्नेस बघा.

आणि लेबलवरचं कमाल वजन वाचताना त्यात करवत, दोर, पाण्याची बाटली धरा. वरच्या मुठीची छोटी चेनसॉसुद्धा बार-चेनसकट चार किलोच्या आसपास जाते.

बायकांसाठी वेगळा हार्नेस लागतो का?

वेगळ्या नावाचा लागतोच असं नाही. कमरेच्या आणि मांडीच्या मापात फरक जास्त असतो, म्हणून कमरपट्टा आणि मांडीपट्टे स्वतंत्रपणे बदलता येणारा, शिवाय दोघांना जोडणारे उभे पट्टे लांब-आखूड करता येणारा हार्नेस घ्यावा. तो खरं तर कुणालाही बरा.

घेण्याआधी तपासून बघायचा तो कसा?

लटकून. आरशासमोर उभं राहून नाही. उभ्याने प्रत्येक हार्नेस छान वाटतो, चपलांच्या दुकानात सगळ्या चपला आरामशीर वाटतात तसा.

दुकानात लटकायची सोय नसेल तर परत करण्याच्या अटीवर घरी आणा, लेबल काढू नका, आणि ओळखीच्या झाडाच्या खालच्या मजबूत फांदीला दोर बांधून जमिनीपासून वीतभर वर लटका. अर्धा तास. घड्याळ लावून. दहा मिनिटांत उतरलात तर काहीच कळत नाही, कारण मुंग्या यायला सुरुवातच त्यानंतर होते.

त्या अर्ध्या तासात गप्प बसायचं नाही. आधी सरळ बसा आणि वजन कुठे पडतंय ते बघा. चांगल्या बसलेल्या हार्नेसमध्ये वजन मांड्यांच्या मागच्या बाजूला, खुर्चीवर बसल्यासारखं पसरतं आणि कमरपट्टा पाठीला नुसता धरून ठेवतो. उलट वाटत असेल, म्हणजे कंबर आवळली जातेय आणि मांड्या मोकळ्या, तर मांडीपट्ट्यांना कड्यांशी जोडणारे उभे पट्टे आखूड करा. बोटभर फरकानेही चित्र बदलतं. हे उभे पट्टे कुणी हातच लावत नाही, कारखान्यातून आले तसेच राहतात. मी स्वतः माझ्या दुसऱ्या हार्नेसमध्ये आठ महिने कंबर धरून फिरलो आणि मग एका मित्राने सहज विचारलं, “हे कधी जुळवलंस का?”

मग डावीकडे झुका, हात लांब करा, जणू फांदीचं टोक कापायचंय. उजवीकडे तसंच. गुडघे छातीशी आणा. फांदीवर पाय टेकवून उभे राहा आणि परत बसा. प्रत्येक वेळी मांडीपट्टा सरकून जांघेत गोळा होतो का बघा. होत असेल तर तो सैल आहे, किंवा मांडीला मोठा आहे. मापाचा अंदाज असा: मांडीपट्ट्यात सपाट पंजा सरकावा, मूठ सरकू नये. कमरपट्ट्यालाही तेच.

शेवटी, हार्नेस घालून थोडं चाला आणि उकिडवे बसा. दिवसाचा निम्मा वेळ आपण जमिनीवर फांद्या ओढत असतो, हे विकत घेताना कुणाच्या लक्षात येत नाही.

ब्रिज लांब हवा की आखूड?

आखूड ब्रिजवर चढायच्या दोराला पकडणारी गाठ किंवा यंत्र हाताच्या जवळ राहतं, चढताना बरं पडतं. पण ब्रिज जितका आखूड तितक्या दोन्ही कड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात आणि कमरेच्या हाडांना चिमटा बसतो. ‘हार्नेस चावतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्या दहातल्या निम्म्यांचा ब्रिज नुसता चार बोटं लांब केला की प्रश्न सुटतो. फार लांब केलात तर गाठ चेहऱ्यासमोर जाते आणि हात वर करून करून खांदे भरून येतात. म्हणून लांबी बदलता येईल असाच ब्रिज घ्या, आणि सुटा बदलता येईल असा. हार्नेसमध्ये सर्वात आधी झिजतो तो हाच तुकडा. वरचं आवरण तुळतुळीत झालं, एखाद्या जागी फुगलं किंवा आतला गाभा दिसला की लगेच नवा. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा.

मांड्या बधीर होतात. पॅड अजून जाड घेऊ का?

थांबा, आधी खिसे रिकामे करा.

थट्टा नाही. मोबाईल, किल्ल्या, लायटर, तंबाखूची पुडी, सगळं मांडीपट्ट्याखाली येतं आणि अर्ध्या तासात दगडासारखं रुततं. जीन्सची जाड शिलाई नेमकी जांघेत येते, तीही तशीच. मऊ, ताणली जाणारी पँट आणि आत सायकलवाले घालतात तशी बिनशिवणीची चड्डी, एवढ्याने माझा निम्मा त्रास गेला. तरी बधीर होत असेल तर उभे पट्टे आणि ब्रिज जुळवा. पॅड हे शेवटचं.

जाडीपेक्षा पॅडची रुंदी आणि ताठपणा महत्त्वाचा. मऊ जाड फोम दुकानात गादीसारखा वाटतो, पण वजन पडलं की दबतो आणि आतला चिंचोळा पट्टा मांडीला लागतो. किंचित ताठ, रुंद पॅड आधी कडक वाटतो, तिसऱ्या तासाला त्याची किंमत कळते.

आणि बसून राहू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी फांदीवर पाय टेकवा, वजन उतरवा, मांड्या हलवा. यासाठी मी कमरेला एक पायदोरी ठेवतो. फांदी नसेल तिथे तीत पाऊल घालून उभं राहता येतं.

संध्याकाळी कंबर धरते. हार्नेसमुळे का?

असू शकेल. पट्टा कमरेच्या हाडांच्या वर चढून बरगड्यांखाली बसत असेल तर नक्कीच. सगळी हत्यारं एकाच बाजूला लटकवलीत तरीही. पण आधी हेही बघा की दिवसभर किती लाकूड वाकून उचललंत.

खांद्याचे पट्टे घ्यावेत का?

कंबर बारीक आणि सामान जड असेल तर घ्या, जमिनीवर चालताना हार्नेस घसरत नाही. बाकी मी एप्रिल-मेमध्ये ते काढून ठेवतो. मुंबई-कोकणच्या दमटपणात अंगावर जितकं कमी तितकं बरं.

नारळावर चढायला हाच हार्नेस चालेल?

चालेल, पण निवडताना भर दुसऱ्या गोष्टींवर द्या. नारळ-सुपारीला वर दोर टाकायला भरवशाची फांदी नसते. झावळीवर जीव टांगायचा नसतो, ती पिकली की आपोआप सुटते. त्यामुळे सगळं काम खोडाभोवतीच्या लॅनयार्डवर, म्हणजे कमरपट्ट्यावर. इथे ब्रिजपेक्षा पाठीमागचा पॅड किती रुंद आहे आणि बाजूच्या कड्या नेमक्या कमरेच्या बाजूला येतात का, हे बघा. नुसत्या एका लॅनयार्डवर राहू नका, खोडाला दुसऱ्या दोराचाही फेरा असू द्या, म्हणजे झावळीचा बुडखा ओलांडताना एक सोडला तरी दुसरा असतो.

नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राने नारळावर चढायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्या पायट्याच्या यंत्रावर तुम्ही पायांवर उभे असता, त्यामुळे तिथे साधा, हलका पण रुंद कमरपट्ट्याचा हार्नेस पुरतो. पायात दोरीचा फास अडकवून बघता बघता शेंड्याला पोचणारे गोव्यातले पाडेली आणि आमच्या कोकणातले जुने चढणारे हे वाचून हसतील. हसू देत. त्यांच्या मुलांना मात्र मी हार्नेस घालूनच चढायला सांगतो.

एक विनंती. खोडात काटे रुतवायचे बूट जिवंत झाडाच्या छाटणीला वापरू नका. आंब्या-चिंचेची जखम निदान कडेने भरत येते. नारळाची भरतच नाही, त्याच्या खोडाची रचनाच तशी. प्रत्येक भोक जन्मभर राहतं.

मी एकपदरी दोरावर चढायला शिकतोय. हार्नेस बदलावा लागेल?

दोर फांदीवरून फिरून परत तुमच्याकडे येतो त्या दोनपदरी पद्धतीला वरचं सगळं वर्णन पुरतं. एकपदरीत दोर वर पक्का बांधलेला असतो आणि आपण पायाला-गुडघ्याला लावलेल्या पकडींनी जिना चढल्यासारखे चढतो. तेव्हा छातीजवळ काहीतरी लागतं, जे यंत्राला वर ओढून धरेल. काही हार्नेसना तो भाग जोडूनच मिळतो, काहींना नंतर लावता येतो. आज दोनपदरी आणि पुढच्या वर्षी एकपदरी असा बेत असेल तर नंतर लावता येणारा घ्या.

कंपनीच्या आवारातला सेफ्टी ऑफिसर अंगभर बेल्टच हवा म्हणतो. काय करू?

भांडू नका. त्याच्या नियमपुस्तकात उंचीवरचं काम म्हणजे पाठीची कडी आणि झटका शोषणारी दोरी. त्याला जमिनीवरच एकदा लटकून दाखवा. ताणलेल्या दोरावर बसलेल्या माणसाला मोठी पडझड होतच नाही, हे डोळ्यांनी बघितलं की बहुतेक ऐकतात. दुसरा मुद्दा अंतराचा. झटका शोषणारी दोन मीटरची दोरी पूर्ण उलगडून माणूस थांबेपर्यंत खाली साधारण सहा मीटर मोकळी जागा लागते. झाडात त्या सहा मीटरमध्ये फांद्याच फांद्या असतात. तरीही तो अडून बसला तर ज्या हार्नेसला त्याच कंपनीचा छातीचा भाग जोडून ईएन ३६१ची अट पूर्ण होते, तो वापरा. बैठ्या हार्नेसवर बांधकामाचा बेल्ट चढवणं हा जुगाड बघितलाय. दोन्ही काचतात आणि घाईत कुठली कडी कुठल्याची ते कळत नाही.

आमच्याकडे सीटकव्हर शिवणारा आहे, जबरदस्त काम करतो. त्याच्याकडून शिवून घेतला तर?

नको. त्याच्या हातात कसब आहे यात वाद नाही, पण पट्टा, धागा आणि टाक्याची वीण यांचा मेळ तुटेपर्यंत ओढून तपासलेला असतो, डोळ्यांनी नाही. जुना पॅड फाटला म्हणून त्यावर कापडी खोळ चढवून घेतली तर हरकत नाही, फक्त सुई वजन पेलणाऱ्या पट्ट्यातून जाऊ द्यायची नाही. गेली की हार्नेस बाद.

कमरपट्ट्यावर इतकी वळी आहेत, दोर कुठे अडकवायचा?

वजन फक्त धातूच्या कड्यांवर आणि ब्रिजवर. मागच्या-बाजूच्या प्लास्टिकच्या किंवा पातळ पट्टीच्या वळ्या हत्यारांसाठी असतात. त्यांची ताकद काही किलोंपुरतीच.

गेल्या वर्षी शिकाऊ मुलगा गुलमोहरावर होता. मी खालून बघत होतो. त्याने लॅनयार्ड खोडाभोवती फिरवला, न बघता हात मागे नेला, ‘खट्’ असा कॅराबिनरचा, म्हणजे दोराच्या टोकाच्या उघडझाप होणाऱ्या हुकाचा, आवाज आला आणि तो मागे टेकायला लागला. तो आवाज कडीत अडकल्यासारखाच होता. पण कॅराबिनर होता करवतीच्या वळीत. वरचा दोर ताणलेला होता म्हणून माझं ओरडणं त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर काही झालं नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: कानाने नाही, डोळ्याने अडकवायचं. घेताना हत्यारांच्या वळ्या आणि कड्या एकमेकींपासून लांब, वेगळ्या रंगाच्या आहेत का, हे मी आता आवर्जून बघतो.

नुसतं लटकल्याने माणूस बेशुद्ध पडतो म्हणतात. खरं का?

खरं आहे. डोक्याला फांदी लागून किंवा दमून माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकला तर रक्त पायांत साचतं आणि अर्ध्या तासाच्या आत, कधी काही मिनिटांतच, शुद्ध हरपू शकते. सर्वांत आरामदायी हार्नेसही यातून सुटका करत नाही. म्हणून खाली दुसरा चढणारा आणि दुसरा दोर तयार हवाच. एकट्याने झाडावर जाऊ नये, कितीही छोटं काम असलं तरी. उतरवल्यावर अशा माणसाला बसवूनच ठेवायचं, आडवं करायचं नाही, असं पूर्वी शिकवत. ब्रिटनच्या एचएसई या कामावरची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ साली त्या सल्ल्याला आधार नसल्याचं सांगून तो बाजूला ठेवला. नेहमीचे प्रथमोपचार करा, आडवं झोपवा, १०८ला फोन करा.

धुवायचा कसा? पावसाळ्यात बुरशी येते.

कोमट पाणी, अंगाचा साधा साबण, मऊ ब्रश. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. ब्लीच नाही, वॉशिंग मशीनचा ड्रायर नाही, कडक ऊन तर नाहीच. जून ते सप्टेंबर तो पिशवीत कोंबून ठेवू नका, पंख्याखाली टांगा. वड-पिंपळाचा चीक आणि आंब्याच्या डेखाचा डिंक ताजा असतानाच पुसा, वाळला की पट्टा ताठ होतो. बकलमध्ये भुसा बसला तर फुंकून, ब्रशने काढा. तेल घातलंत तर भुसा अजून चिकटतो.

टेंपोत बॅटरीजवळ कधीही ठेवू नका. नायलॉनला आम्लाचं वाकडं आहे. आम्लाचे शिंतोडे पडलेला पट्टा वरून धडधाकट दिसतो आणि आतून कुजलेला असतो.

किती वर्षं चालतो? वापरलेला स्वस्तात मिळतोय, घेऊ?

कापडी भागांना पेट्झलसारख्या कंपन्या बनवल्यापासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात. रोजच्या कामात तो इतका टिकत नाही. करवतीचा एक निसटता स्पर्श आणि दुसऱ्या दिवशीच बाद. दर सकाळी पट्टे दुमडून बघायचे: सुटलेले धागे, कापलेली कड, चकाकलेला भाजल्याचा डाग, उडालेला रंग, तुटलेला टाका.

वापरलेला मी घेणार नाही. त्याच्यावर काय काय सांडलंय ते विकणारा सांगत नाही, बरेचदा त्यालाच माहीत नसतं.

बजेट कमी आहे. कुठे हात आखडता घेऊ?

आयात केलेला नामांकित हार्नेस सहज तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातो, हे मान्य. रंग, हत्यारांच्या वळ्यांची संख्या, झटपट उघडणारी बकलं, खांद्याचे पट्टे, यांत वाचवा. दुमडून मागे घ्यायचं साधं बकल तितकंच सुरक्षित असतं, फक्त घालायला मिनिटभर जास्त लागतो. मांडीपट्टे, उभे पट्टे जुळवायची सोय आणि बदलता येणारा ब्रिज, यांत नाही. तेवढे पैसे जमेपर्यंत वर जाण्यापेक्षा खाली दोर धरायचं काम करा. मी एक अख्खा हंगाम केलं, आणि गाठी तिथेच शिकलो.

जुन्या हार्नेसचं काय करायचं?

कापा. कोयत्याने, दोन्ही मांडीपट्टे आणि कमरपट्टा आडवा. नुसता टाकलात तर कुणीतरी उचलतो आणि पुढच्या आठवड्यात तो अंगावर घालून भेंडीच्या झाडावर दिसतो. कड्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी वापरू नका. माझ्या त्या आठ महिने कंबर दुखवणाऱ्या हार्नेसचे मांडीचे पॅड मात्र मी ठेवलेत. शिडीच्या वरच्या टोकांना बांधलेत, भिंतीला ओरखडे येत नाहीत.